शून्य रुपयाचं बिलही जपून ठेवा

एपिक, स्टीम आणि जीओजी ही पीसीवरच्या गेमांची तीन ऑनलाइन दुकानं. आधी निकाल सांगते, कारणं मागाहून. फुकट घ्यायचं ते एपिकवरून घ्या, पैसे मोजायचे असतील तर स्टीमवर मोजा, आणि जो गेम म्हातारपणीही पुन्हा खेळावासा वाटेल तो जीओजीवरून घेऊन स्वतःच्या हार्ड डिस्कवर ठेवा. एवढं पटत असेल तर पुढे वाचलं नाही तरी चालेल. फक्त जे लोक फुकटच्या गेमांवरच लायब्ररी उभी करतात, त्यांनी मधला भाग जरूर वाचा. तो त्यांच्यासाठीच लिहिलाय.

मी ठाण्याची, नौपाड्यातल्या एका सीएच्या ऑफिसात हिशोब बघते. दिवसभर लोकांच्या पावत्या लावायच्या, जीएसटीचे आकडे जुळवायचे आणि 'मॅडम, ते बिल सापडत नाहीये' हे वाक्य ऐकायचं. रात्री स्वयंपाकघर आवरलं की पीसी चालू. चाळिशी ओलांडलेली बाई गेम खेळते म्हटल्यावर लोकांना वाटतं मोबाइलवर गोळ्या-बिस्किटं फोडत असेल. तसं नाही. लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून जोडून घेतलेला पीसी आहे, मधल्या किमतीचं ग्राफिक्स कार्ड आहे, आणि शहरं वसवणं, राज्यं चालवणं, समुद्राच्या तळाशी घर बांधणं असले संथ गेम मला आवडतात. धडाधड गोळीबाराचे गेम भाचा खेळतो. तो कोपरखैरण्याला राहतो, इंजिनीअरिंगला आहे, आणि या लिखाणातला निम्मा मसाला त्याचाच आहे.

दुकानाकडे मी हिशोबनिसाच्या नजरेने बघते. सेलचा बॅनर किती मोठा आहे ते दुय्यम. बिल नीट देतात का, माल परत घेतात का, आणि काही बिघडलं तर समोर कोणी उभं राहतं का, या तीन गोष्टी मी तपासते.

एपिकपासून सुरू करते, कारण नव्या मुलांचा या दुनियेतला प्रवेश बहुधा तिथूनच होतो. हे दुकान डिसेंबर २०१८मध्ये उघडलं, आणि 'सबनॉटिका' फुकट देऊन सुरुवात केली. आधी पंधरवड्याला एक गेम मिळायचा, नंतर दर आठवड्याला मिळायला लागला. आपल्याकडे गुरुवारी रात्री साडेआठला नवा गेम येतो. अमेरिकेतली घड्याळं हिवाळ्यात तासभर मागे गेली की साडेनऊला येतो. आमच्या घरी गुरुवारी साडेआठ म्हणजे कुकरची वेळ, त्यामुळे मी तो शुक्रवारी सकाळी चहाबरोबर घेते. आठवडाभर मुदत असते, पळापळीचं कारण नाही. घेतलेला गेम कायम आपल्या खात्यात राहतो, भाडं नाही, महिन्याची वर्गणी नाही.

आणि देतात ते टाकाऊ नसतं. 'सिव्हिलायझेशन ६', 'कंट्रोल', 'डेथ स्ट्रँडिंग' हे सगळे तिथे फुकट मिळून गेलेत. १४ मे २०२०ला 'जीटीए ५' फुकट ठेवला तेव्हा तर अख्खं जग लॉकडाउनमध्ये घरी बसलेलं. इतकी गर्दी लोटली की दुकान काही तास कोलमडूनच पडलं. त्याच सुमाराला एपिकने फुकटचा गेम घ्यायला दुहेरी पडताळणी सक्तीची केली होती. पासवर्डनंतर वेगळा आकडी कोड टाकल्याशिवाय गेम नाही. लोकांनी तेव्हा बोटं मोडली. माझ्या मते त्या दुकानाने ग्राहकाला लावलेली ती सगळ्यात चांगली सवय होती, आणि ती नंतर सैल सोडायला नको होती.

हे फुकट परवडतं कसं, हा प्रश्न मला पडणारच. उत्तर कोर्टात सापडतं. एपिक आणि अॅपल यांच्या २०२१च्या खटल्यात कागदपत्रं बाहेर आली. पहिल्या नऊ महिन्यांत फुकट गेमांसाठी एपिकने गेम बनवणाऱ्यांना १ कोटी १६ लाख डॉलर मोजले होते, आणि त्यातून सुमारे ५० लाख नवे ग्राहक आले. भागाकार करा, डोई सव्वादोन डॉलरच्या जरा वर पडतात. गोखले रोडवर दिवाळीच्या आधी साडीच्या दुकानदाराने पत्रकं वाटावीत तसाच हा जाहिरातीचा खर्च आहे. फरक इतकाच की पत्रकाच्या जागी अख्खी साडी हातात येते. त्यामुळे 'फुकट देतात म्हणजे काहीतरी काळंबेरं असणार' हा घरोघरच्या वडीलधाऱ्यांचा संशय इथे लागू नाही. खर्च झालाय, तो वहीत लिहिलेला आहे, आणि कशासाठी झाला तेही स्पष्ट आहे. तुम्ही याल आणि कधीतरी पैसे देऊनही काही घ्याल, या आशेवर.

ती आशा माझ्या बाबतीत फळली नाही. एपिकवर माझे गेम भरपूर आहेत, विकत घेतलेला एखादाच असेल. याचं एक कारण दुकान म्हणून ते अपुरं राहिलं हे आहे. खरेदीची टोपली, म्हणजे चार गेम एकत्र निवडून एकदाच पैसे भरायची साधी सोय, तिथे डिसेंबर २०२१मध्ये आली. दुकान उघडल्यावर तीन वर्षांनी. ग्राहकांनी सविस्तर लिहिलेले अभिप्राय हा प्रकार तिथे रुजलाच नाही, नुसते तारे दिसतात. मला तारे नकोत. 'माझ्याकडे चार वर्षांपूर्वीचं ग्राफिक्स कार्ड आहे, तिसऱ्या प्रकरणात गेम अडकतो' असं कोणीतरी लिहिलेलं मला हवं असतं.

दुसरं कारण माझ्या स्वभावात आहे. ज्या गेमला मी पाचशे रुपये दिलेत तो मी पुरा करते, मधे कंटाळा आला तरी करते. फुकटचा गेम उघडते, दहा मिनिटं बघते आणि बंद करते. भाच्याचंही तेच. त्याची यादी इतकी लांब झालीये की त्यातले निम्मे गेम आपण कधी घेतले हेच त्याला आठवत नाही. तरी गुरुवार चुकवत नाही पठ्ठ्या.

एक गोष्ट मात्र एपिकच्या बाजूने लिहायलाच हवी. स्टीम गेम बनवणाऱ्याकडून विक्रीचे ३० टक्के कापून घेतं, फार मोठी विक्री झाली तर टप्प्याटप्प्याने २५ आणि २० टक्के. एपिकने पहिल्या दिवसापासून १२ टक्केच ठेवले, आणि जून २०२५पासून एका गेमच्या वर्षातल्या पहिल्या दहा लाख डॉलरवर तेही घेत नाही. कर सोडून पाचशे रुपयांच्या गेमवर दीडशे कापले जाणं आणि फार तर साठ कापले जाणं यात छोट्या स्टुडिओच्या पगाराचा फरक असतो. 'राजी' हा गेम पुण्याच्या नॉडिंग हेड्स या स्टुडिओने बनवलाय, २०२०मध्ये आला. देवळं, कठपुतळ्या, भिंतींवरची चित्रं, सगळं आपल्या ओळखीचं. असा गेम घेताना कुठल्या दुकानातून घेतला तर बनवणाऱ्याच्या हातात जास्त पडतील, हा विचार मी करते. तुम्हीही करा.

आता तो मधला भाग.

फुकट गेम देणारी दुकानं एकाहून जास्त आहेत. त्यातल्या एका मोठ्या दुकानात भाच्याचं खातं होतं. नाव घेत नाही, कारण जे घडलं ते कुठेही घडू शकलं असतं. गणपती बसायच्या आधल्या आठवड्यात एका सकाळी तो लॉगिन करायला गेला तर पासवर्ड चुकीचा. 'पासवर्ड विसरलात' दाबलं तर कोड कुठल्यातरी परक्या ईमेलवर गेला. म्हणजे रात्रीतून कोणीतरी आत शिरून ईमेलच बदलून टाकला होता. पासवर्ड त्याने आणखी चार ठिकाणी वापरलेला, दुहेरी पडताळणी बंद. 'मावशी, माझे सगळे गेम गेले,' असा सकाळी सकाळी फोन. मी लोकलमध्ये, आणि डब्यातल्या बायकांना वाटलं घरात चोरी झाली. झालीच होती म्हणा.

त्याने मदत केंद्राला लिहिलं. पहिलं उत्तर मशीनचं. दुसरं उत्तर एका माणसाचं, निदान खाली माणसाचं नाव होतं. त्यात प्रश्नांची यादी होती. खातं साधारण कधी उघडलं? कुठल्या शहरातून? आधीचं टोपणनाव काय होतं? पहिल्या खरेदीचा बिल क्रमांक काय? पैसे भरलेल्या कार्डाचे शेवटचे चार आकडे कोणते?

इथे मुलगा अडकला. कार्ड कुठून असणार? त्याने त्या दुकानाला आजवर एक रुपया दिलेला नाही. सगळं फुकटचं. खरेदीच नाही तर पुरावा कसला, असं त्याला वाटलं आणि त्याने तसंच लिहून टाकलं: माझ्याकडे बिल नाही, मी काही विकत घेतलेलं नाही. पलीकडून उत्तर आलं की पुरेशी माहिती नसल्याने खातं परत देता येत नाही. तक्रार बंद.

त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं. कोणीही उठून 'ते खातं माझं' म्हणेल आणि त्यांनी ते देऊन टाकलं, तर उद्या माझं खातं दुसऱ्याच्या घशात जाईल. चोर आणि मालक दोघंही त्याच खिडकीशी येतात, दोघंही तितकेच कळवळून बोलतात. खिडकीपलीकडच्या माणसाला फक्त कागद बोलतो. राग मला दुसऱ्याच गोष्टीचा आला, तो पुढे सांगते.

संध्याकाळी ऐरोलीमार्गे कोपरखैरण्याला गेले आणि त्याला ईमेल उघडायला लावला. बिल नाही असं कसं होईल? दुकानाने एखादी वस्तू शून्याला दिली तरी व्यवहार हा होतोच, आणि व्यवहार झाला की नोंद होतेच. शोधलं. ईमेलच्या 'प्रमोशन्स' कप्प्यात, पिझ्झा आणि बुटांच्या जाहिरातींखाली, ती सगळी पडलेली होती. गेमचं नाव, तारीख, व्यवहाराचा क्रमांक, रक्कम ०.००. प्रत्येक गुरुवारचं एक. सगळ्यात जुनं बिल बारावीच्या वर्षाचं निघालं. म्हणजे खातं कधी उघडलं तेही कळलं, पहिल्या 'खरेदी'चा क्रमांकही मिळाला. पोराचं नशीब म्हणून त्याला तो कप्पा रिकामा करायचा आळस होता. जीमेलच्या कचराकुंडीत गेलेलं मेल तीस दिवसांनी कायमचं पुसलं जातं, तिथे गेली असती तर संपलं होतं.

नवी तक्रार टाकली. यावेळी मजकूर मी सांगितला, त्याने इंग्रजीत टाइप केला. सुरुवातीला जुन्या तक्रारीचा क्रमांक, मग पहिल्या पाच बिलांचे क्रमांक तारखांसह, मग ईमेल बदलल्याची सूचना किती वाजता आली ती वेळ, मग आपला इंटरनेट पुरवठादार आणि शहर. विनवण्या नाहीत, उद्गारचिन्हं नाहीत. वसुलीच्या नोटिशीला उत्तर लिहितात तसं.

आता रागाची गोष्ट. दर उत्तराला नवा माणूस, आणि दर नवा माणूस पहिल्यापासून तीच यादी विचारणार. आधीच्याला सगळं देऊन झालंय, ते त्याच तक्रारीत वर दिसतंय, तरी पुन्हा 'कृपया पहिल्या खरेदीचा बिल क्रमांक कळवा'. एकाने तर आधीच बदललेल्या, म्हणजे चोराच्या, ईमेलवर पडताळणीचा कोड पाठवला आणि 'आम्ही कोड पाठवला आहे' असं आम्हाला कळवलं. फोन नंबर नाहीच. गौरी आल्या, जेवल्या, गेल्या, आमचा पत्रव्यवहार चालूच. अनंत चतुर्दशी उलटल्यावर खातं परत मिळालं. दिलगिरीचं एक वाक्य होतं, साच्यातलं.

यात मी आणखी एक गोष्ट केली होती, ती बऱ्याच जणांना ठाऊक नसते. आपल्याकडे ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० आहेत. ते डिजिटल मालालाही लागू आहेत, आणि दुकान परदेशी असलं तरी ते भारतातल्या ग्राहकांना पद्धतशीर विक्री करत असेल तर त्यालाही लागू आहेत. त्या नियमांत तक्रार अधिकारी नेमायचा, ४८ तासांच्या आत तक्रारीची पोच द्यायची आणि एका महिन्यात निवारण करायचं असं लिहिलेलं आहे. तिसऱ्या की चौथ्या उत्तरात मी हे दोन ओळींत नमूद करायला लावलं, आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक भाच्याच्या भिंतीवर चिकटवून आले. खातं बिलांमुळे परत आलं की त्या दोन ओळींमुळे, हे कोणी सांगितलं नाही. पण असा नियम आहे हे पलीकडच्याला आठवण करून देण्यात आपलं काही जात नाही.

तेव्हापासून माझ्या आणि त्याच्या ईमेलमध्ये 'पावत्या' नावाचा वेगळा कप्पा आहे. शून्याचं बिल आलं की आपोआप तिथे जातं. पडताळणीचे राखीव कोड कागदावर लिहून गाडीच्या कागदपत्रांच्या फाइलीत ठेवलेत. त्याची आई हसली, पण फाइल तिनेच काढून दिली.

स्टीमकडे येते. हे दुकान मुळात दुकान नव्हतंच. व्हॉल्व्ह कंपनीने १२ सप्टेंबर २००३ला ते सुरू केलं ते 'काउंटर-स्ट्राइक'सारख्या आपल्या गेमांना सुधारणा पोहोचवायला. पुढच्या वर्षी 'हाफ-लाइफ २' आला तो खेळायला स्टीम लागायचंच, आणि मग सगळ्या जगाच्या संगणकांत ते घुसलं. आपल्यासाठी महत्त्वाची तारीख नोव्हेंबर २०१५. तेव्हा तिथे रुपयांत किमती आल्या. त्याआधी डॉलरमध्ये भाव बघून मनात गुणाकार करायचा, आणि मग दुकान बंद करून झोपायचं.

स्टीमवर मी पैसे का देते, तर परताव्यामुळे. जून २०१५पासून नियम असा: घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर कारण काहीही असो, पैसे परत. शहर वसवण्याचा एक नवा गेम मी हौसेने घेतला. माझ्या ग्राफिक्स कार्डाला तो झेपेना, रस्त्यावरून गाड्या घोडबंदरच्या संध्याकाळसारख्या सरकायला लागल्या. परताव्याचं बटण दाबलं, कारणांच्या यादीतलं एक निवडलं, पैसे कार्डावर परत आले. कोणी 'का हो ताई' विचारलं नाही. आणखी एक गंमत त्यांनी नियमांतच लिहून ठेवलीये: सेल लागायच्या थोडं आधी गेम घेतला असेल तर तो परत करून सेलच्या भावात पुन्हा घेणं हा गैरवापर समजला जाणार नाही. माझ्या बघण्यात ठाण्यातल्या कुठल्याही दुकानाने ही मुभा पाटीवर लिहून दिलेली नाही.

इथे एक खाच आहे. परतावा स्टीमच्या वॉलेटमध्ये घेतला तर तो पैसा तिथेच अडकतो. वॉलेटमधून बँकेत पैसे काढता येत नाहीत, त्यातून फक्त स्टीमवरच खरेदी होते. मूळ मार्गाने पैसे परत जाण्यासारखे असतील तर तोच पर्याय निवडा. पूर्वी आणखी एक पळवाट होती. काही गेम जादा पैसे देणाऱ्यांना आधी खेळायला मिळतात, ते तास दोन तासांत धरले जात नसत, आणि लोक अख्खा गेम संपवून पैसे मागत. एप्रिल २०२४मध्ये ती बंद केली. बरं झालं. असल्या लोकांमुळेच चांगले नियम मोडीत निघतात.

सेलबद्दल माझी तक्रार पंचांगाची आहे. स्टीमचा उन्हाळी सेल जूनच्या शेवटी लागतो आणि जुलैत शिरतो. त्याच वेळी आमच्या ऑफिसात ३१ जुलैच्या रिटर्नांचे ढीग. सेलमध्ये घेतलेला गेम चौदा दिवसांत उघडून बघायला फुरसत नसते, म्हणजे परताव्याचा हक्क कागदावरच. म्हणून मी उन्हाळी सेलला यादी करते आणि डिसेंबरच्या सेलला घेते. पगारदार माणसाने घाईने घेण्यासारखं त्या दुकानात काही नसतं, भाव पुन्हा उतरतातच. फुकट देण्यात स्टीम कंजूष, पण देतं तेव्हा मान राखून देतं: 'हाफ-लाइफ'ला पंचवीस वर्षं झाली तेव्हा, नोव्हेंबर २०२३मध्ये, तो दिला आणि पुढच्या नोव्हेंबरात 'हाफ-लाइफ २'. दोन्ही वेळा मी घेतले.

मदतीच्या बाबतीत स्टीमची कीर्ती पूर्वी वाईटच होती, आणि डिसेंबर २०१५च्या नाताळाला तर सर्व्हरवरच्या चुकीमुळे सुमारे ३४ हजार लोकांच्या खात्याची पानं दुसऱ्यांनाच दिसली होती. आता त्यांचं एक पान आहे, त्यावर रोज किती तक्रारी आल्या, किती तुंबल्यात आणि कुठल्या प्रकाराला किती वेळ लागतो हे उघड मांडलेलं असतं. आपली तुंबलेली कामं रस्त्यावरून दिसतील अशी टांगायला छाती लागते. आमच्या ऑफिसात हे करा म्हटलं तर साहेब मलाच टांगतील.

सप्टेंबर २०२४पासून स्टीमवर कुटुंबाची सोय नीट झालीये. सहा जणांपर्यंत एकमेकांचे गेम खेळू शकतात. भाचा मागे लागला होता. मी दोन कारणांनी नाही म्हटलं. एक, ती सोय एका घरात राहणाऱ्यांसाठी आहे, आणि ठाणे-कोपरखैरणे हे एक घर नव्हे. दोन, कुटुंबातल्या कोणी तुमच्या प्रतीवर खेळताना लबाडी केली तर त्या गेममध्ये मालकावरही बंदी येते. भाच्यावर विश्वास आहे, पण इतका नाही.

आता जे मला मनापासून खटकतं ते. स्टीमवर गेम 'विकत' मिळत नाही, वापरायचा परवाना मिळतो. हे आधीही कलमांत होतं. कॅलिफोर्नियात कायदा झाल्यावर ऑक्टोबर २०२४पासून पैसे भरायच्या पानावरच ते लिहायला लागले. परवाना म्हणजे काय हे 'द क्रू' हा गेम घेणाऱ्यांना कळलं. तो बनवणाऱ्या युबिसॉफ्ट कंपनीने ३१ मार्च २०२४ला त्याचे सर्व्हर बंद केले, आणि पैसे देऊन घेतलेला गेम उघडेनासा झाला. आणि हे खातं मृत्युपत्राने कोणाला देता येत नाही, हेही स्टीमच्या मदत केंद्राने २०२४मध्ये एका विचारणाऱ्याला कळवलं होतं. बँकेत पाचशे रुपयांचं खातं उघडताना मी लोकांना नॉमिनीची सही करायला लावते. इथे हजारोंचा माल, आणि नॉमिनीचा रकानाच नाही.

म्हणून जीओजी. पोलंडचं दुकान, २००८चं, जुने गेम नव्या संगणकावर चालतील असे करून विकायला निघालेलं. तिथे गेमवर कुलूप नसतं. इन्स्टॉल करायची फाइल उतरवून घ्यायची, हार्ड डिस्कवर ठेवायची, पुढे ना इंटरनेट लागत ना लॉगिन. उद्या दुकान बुडालं तरी फाइल तुमच्या कपाटात. परतावा तीस दिवसांचा, गेम उतरवून खेळलेला असला तरी. आणि वारसाचा प्रश्न विचारला गेला तेव्हा त्यांचं उत्तर होतं की कोर्टाचा तसा आदेश आणलात तर आम्ही प्रयत्न करू. वारस दाखल्याची भाषा बोलणारं हे पहिलंच गेमचं दुकान.

खोट एकच, डॉलर. हिशोबाला सोपा म्हणून डॉलर ९० धरा. ९.९९ डॉलरचा गेम ८९९ रुपये झाला. माझी बँक परदेशी चलनाचे साडेतीन टक्के घेते, म्हणजे साडेएकतीस, आणि त्या साडेएकतीसवर १८ टक्के जीएसटी. एकूण ९३६च्या आसपास. सदतीस रुपये उगाच गेले. स्टीमवर रुपयांत यूपीआयने भरताना यातलं काही होत नाही, शिवाय आपल्याकडचे भाव तिथे पुष्कळदा मुळातच कमी ठेवलेले असतात.

तरी काही वेळा जीओजीच घ्यावं लागतं. कॉलेजात असताना तलावपाळीच्या मागे एका सायबर कॅफेत आम्ही मैत्रिणी 'हीरोज ऑफ माइट अँड मॅजिक ३' खेळायचो. एका संगणकावर चौघी, आळीपाळीने, तासाचे पैसे वर्गणीतून. तो गेम पुन्हा हवा होता. स्टीमवर २०१५ची चकचकीत एचडी आवृत्ती मिळते, पण तिच्यात नंतरचे दोन्ही विस्तार, म्हणजे मूळ गेमला मागाहून जोडलेले भाग, नाहीत, कारण त्यांचा मूळ कोडच हरवला असं युबिसॉफ्टने सांगितलं होतं. जीओजीवर जुनीच, खडबडीत, पण दोन्ही विस्तारांसकट पूर्ण आवृत्ती आहे. मी ती घेतली. शुक्रवारी महावितरणचं दुरुस्तीचं काम असलं आणि वायफाय गेलं तरी लॅपटॉपवर ती चालते. आमच्या चौघींपैकी एक आता घणसोलीला राहते, तिने रविवारी यायचं कबूल केलंय. तिने नेक्रोमॅन्सर, म्हणजे मेलेल्यांची फौज उठवणारा मांत्रिक, घ्यायचा नाही एवढीच अट घातली आहे मी, कारण तो घेतला की ती जिंकतेच.